खालची झाडी

६ मार्च

लिहून काढलं की हलकं वाटतं म्हणतात. बघू या. आज मी बाबांची वही चोरली. म्हणजे उचलून आणली नाही, सव्वीस नोंदींचे फोटो काढले आणि होती तिथे ठेवून दिली. पण मनाला विचारलं तर मन म्हणतं, चोरलीसच.

काल बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्याचा टॉवेल खरखरीत आहे, घरचा आण म्हणाले. चाळीस वर्षं दोर ओढलेल्या माणसाला टॉवेल खरखरीत लागतो. मी किल्ली घेऊन त्यांच्या घरी गेले, टॉवेल घेतला, आणि पाय आपोआप खिडकीखालच्या पेटीकडे वळले. "आपोआप" खोटं आहे. बसमध्ये बसले तेव्हाच ठरलं होतं.

बाबा खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारी बोटीचे कप्तान होते. जाळं तळावरून ओढत न्यायचं, आणि ते जिथे अडकून फाटेल ती जागा वहीत लिहायची, म्हणजे पुन्हा तिथे नुकसान नको. अक्षांश, रेखांश, खोली किती वाव, तारीख. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं, सहा फूट. प्रत्येक कप्तानाची अशी वही असते आणि कुणी कुणाला दाखवत नाही. आता बोट दादा चालवतो. बाबांनी त्याच्याकडून सगळी वही पाठ करून घेतली, पण वही मात्र स्वतःच्या पेटीतच ठेवली.

तळाशी जाळं फाडणारं जे काही असतं त्याला बाबा "झाडी" म्हणतात. मी ज्या संस्थेत नकाशे काढते तिथे त्याला खोल पाण्यातलं प्रवाळ म्हणतात. वीस एप्रिलला सरकारी समिती ठरवणार आहे, दक्षिणेकडचा सगळा खोल तळ मोठ्या कंपनीच्या बोटींना खुला करायचा की नाही. त्यांच्या जाळ्यांच्या खालच्या काठाला टायरएवढी रबरी चाकं असतात. ती अडकत नाहीत. मधे येईल ते मोडून पुढे जातात. तिथे जिवंत प्रवाळ आहे असं दाखवलं तरच तेवढी जागा बंद होईल. आमच्या मॅडमना कॅमेऱ्यासाठी जहाज मिळणार आहे फक्त दोन दिवस. कॅमेऱ्याला दिसतं पाच-सहा मीटर, आणि तळ आहे एखाद्या जिल्ह्याएवढा. कुठे सोडायचा कॅमेरा?

मागच्या महिन्यात मी बाबांना सरळ विचारलं होतं. म्हणाले, "वही आणि कवळी ज्याची त्यानेच वापरावी." विषय संपला.

आणि तसं बघितलं तर वहीतलं अक्षर माझंच आहे. जुनी वही भिजली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा आकडे सांगायचे, मी नव्या वहीत उतरवायचे. काही नोंदींवर "रेघ मार" म्हणायचे, की मी पट्टी लावून लाल रेघ मारायचे. मग ती वही थोडी माझीही नाही का? हा मुद्दा मी परतीच्या बसमध्ये स्वतःला तीनदा पटवला. तीनदा पटवावं लागलं यातच काय ते आलं.

७ मार्च

दवाखान्यात बाबांनी टॉवेल नाकाला लावून बघितला, खूश झाले. मग विचारलं, खिडकी नीट लावलीस ना, पेटीवर पाऊस येतो. म्हटलं लावली. चोराच्या मनात चांदणं. दिवसभर त्यांच्याकडे सरळ बघता आलं नाही.

९ मार्च

नोंदी तक्त्यात घातल्या. सव्वीसपैकी अकरांवर लाल रेघा आहेत. त्या चुकीच्या असणार, म्हणून वगळल्या. उरल्या पंधरा.

एक भानगड निघाली. पंधराही जागा नकाशावर मांडल्या तर खोली जुळेना. बाबांची वही म्हणते एकशे नव्वद वाव, नकाशा म्हणतो एकशे चाळीस. कुठे चाळीस वावांचा फरक, कुठे पासष्टचा. जहाजासाठीचा अर्ज दुपारी बारापर्यंत जायचा होता, आणि अर्ज तपासणारे लोक पहिल्यांदा हेच बघतात की खोली नकाशाशी जुळते का. नाही जुळली तर कागद परत.

मी विचार केला, त्या काळची खोली मोजायची यंत्रं ती, चुकत असतील. अक्षांश-रेखांश तर मी माझ्या हाताने लिहिलेत, ते कसे चुकतील? म्हणून खोलीचा रकाना मी नकाशावरून भरला. पंधराच्या पंधरा आकडे बदलले. वर लिहिलं, "माहितगार कप्तानाच्या नोंदींवरून." पावणेबाराला अर्ज गेला.

मॅडमनी माझी पाठ थोपटली. त्यांच्या टेबलावर प्रवाळाचा एक मेलेला तुकडा असतो, कागद उडू नयेत म्हणून. पांढरा, फांद्याफांद्यांचा, हातात घेतला तर बशीसारखा वाजतो. त्या नेहमी सांगतात, आज पुन्हा सांगितलं: तिथे खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे हे प्रवाळ उथळ पाण्यातल्यासारखं उन्हावर जगत नाही. प्रवाह जे आणेल ते बसल्या जागी पकडून खातं. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. माणसाला लिहिता येत नव्हतं तेव्हापासूनची काही असतील. त्याच्या फांद्यांत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, खेकडे, तारामासे, शेकडो जीव. "आजूबाजूच्या समुद्राचं पाळणाघर आहे ते," मॅडम म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतात. हे एक झालं की मी सुटले, असंही म्हणाल्या.

मी तो तुकडा परत कागदांवर ठेवला. एकशे नव्वद हा आकडा डोक्यातून जाईना.

१४ मार्च

बाबा घरी आले. दादा आणि वहिनी आले होते. बाबा खुशीत, वॉकर घेऊन खोलीभर फिरून दाखवलं, मग पेटीवर बसले. वही काढली, तिचं प्लॅस्टिक काढलं, पुन्हा गुंडाळून वरून रबर लावलं. मला म्हणाले, "रबर सैल झालंय, नाही का? वयाप्रमाणे सगळंच सैल होतं." मी म्हटलं गुडघा तरी घट्ट बसवलाय. सगळे हसलो.

दादा कंपनीच्या बोटींबद्दल बोलत होता. त्या आल्या तर आपण बोट विकून धक्क्यावर मीठ विकायचं, म्हणाला. तो झाडीच्या कडेकडेने जाळं टाकतो, बाबांनी शिकवलं तसं. बाबा म्हणायचे, दुसऱ्याच्या बागेत शिरायचं नाही, कुंपणाबाहेर पडलेलं फळ उचलायचं. मी मनात म्हटलं, दादा, थांब जरा, तुझी बहीण काय करतेय बघ. अगदी फुशारकीने म्हटलं. पण मोठ्याने सांगायची हिंमत झाली नाही.

२२ मार्च

चिखल.

दोन दिवस, पंधरा जागा, चिखल. कॅमेरा दोरावरून खाली गेला, पडद्यावर उजेडाचा गोल आला आणि त्यात राखाडी चिखल. किड्यांची भोकं. एक पिशवी. एक चपटा मासा, तो पण आमच्याकडे बघून निघून गेला. मी उलट्या करत होते आणि मॅडम प्रत्येक जागेपुढे पेन्सिलीने "चिखल" लिहीत होत्या. सातव्या जागेनंतर त्यांनी खुर्ची मागे घेतली. बाराव्यानंतर मला म्हणाल्या, जा, पडून रहा, मी बघते.

प्रवाळाचा चुरासुद्धा नाही. कधी नव्हतंच असा तळ.

२४ मार्च

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, होतं असं, आठवणींवर नकाशा काढला की होतं. अहवालात "शोध घेतला, आढळलं नाही" असं लिहावं लागेल. म्हणजे मी मदत करायला गेले आणि आता आमच्याच संस्थेचा कागद सांगणार की तिथे काही नाही, खुशाल चाकं फिरवा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

दुपारी बाबांची मूळ खोली पुन्हा घेऊन बसले. माझी नाही, त्यांची. एकशे नव्वद, दोनशे पाच, एकशे अठ्ठ्याऐंशी. आणि मग जे कुठल्याही शिकाऊ पोरीने पहिल्या दिवशी विचारलं असतं ते मी आज विचारलं: खोली खरी असेल आणि जागाच खोटी असेल तर?

मी खरा रकाना खोडला आणि खोटा ठेवला. बावीस वर्षं नकाशे काढतेय मी.

२६ मार्च

बाबांकडे गेले. सांगणार होते. त्यांच्या गुडघ्याला बर्फ लावला, गोळ्या दिल्या, कपडे धुतले, भांडी घासली, पंखा पुसला. पंखा पुसायची काय गरज होती? बाबा म्हणाले, तू काहीतरी फोडलंयस, लहानपणी पण अशीच कामं करायचीस. मी म्हटलं काही नाही, आणि आले.

२८ मार्च

सांगितलं. सगळं. फोटो, अर्ज, बदललेली खोली, चिखल. एका दमात सांगितलं आणि पायाकडे बघत बसले.

बाबांनी पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, "फोटो काढलेस ते मला घरी आलो त्याच दिवशी कळलं. रबराचे मी तीन वेढे घालतो, तू दोन घातलेस."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "वाटलं, आकडे घेऊन जाईल, चिखल बघून येईल, आणि विषय मिटेल."

मग बाबांनी सांगितलं, कप्तान वहीत खरी जागा लिहीतच नाही. वही कुणी मारली तर त्याला चिखल मिळावा म्हणून. सगळे असंच करतात. बाबांनी आमच्या जुन्या बोटीच्या नंबरातले आकडे घेतले होते, चौदा आणि नऊ. अक्षांशाची चौदा मिनिटं उत्तरेला सरकवायचं, रेखांशाची नऊ पूर्वेला. खोली मात्र खरी लिहायची, कारण नुसत्या खोलीवरून जागा सापडत नाही आणि दोर किती सोडायचा ते कळावं लागतं. दादाला हे सोळाव्या वर्षी सांगितलं. मला सांगितलं नाही. मी बारा वर्षांची, जीभ बाहेर काढून एकेक आकडा सुबक काढत होते, आणि बाप समोर बसून खोटं सांगत होता. मी म्हटलं, मला तरी सांगायचं होतं. म्हणाले, तू कुठे बोटीवर येणार होतीस.

एवढं लागलं मला ते. आणि लागून घ्यायचा मला काय अधिकार? चोर तो चोर वर शिरजोर.

मग मी खरी जागा मागितली. म्हटलं, नाहीतर वीस तारखेला सगळं जाईल. बाबा म्हणाले, कडेला दादाचं पोट आहे, तुम्ही कुंपण घालाल ते कडेसकट घालाल. मी म्हटलं, चाकं आली तर कडही राहणार नाही आणि आतलंही. ते उठले, वॉकर न घेता खिडकीपर्यंत गेले. पाठमोरे राहूनच विचारलं, रेघा मारलेल्या नोंदींचं तू काय केलंस?

म्हटलं वगळल्या. चुकीच्या होत्या ना?

"चुकीच्या नव्हत्या," बाबा म्हणाले. "त्या जागा आम्ही संपवल्या."

एकतीस वर्षांपूर्वीचा तो हंगाम. एकामागून एक जाळी फाटत होती. बाबांनी आणि शेजारच्या बोटीच्या कप्तानाने दोन बोटींच्या मधे नांगराची साखळी बांधली आणि झाडीवरून ओढली. अकरा ठिकाणी. जाळं अडकायचं थांबलं. दोन वर्षं मासा इतका की ठेवायला बर्फ पुरेना, आणि तिसऱ्या वर्षी तिथे शेपूटही मिळेना. त्याच वर्षी वही भिजली होती. मी लाल रेघा मारत होते आणि बाबा म्हणत होते, सरळ मार, पुसट नको.

"परत आली असेल आता," ते म्हणाले. "झाडीच ती. एकतीस वर्षांत रान पण परत येतं." वर्षाला मिलिमीटर. मला माहीत होतं. बोलले नाही.

२९ मार्च

सकाळी बाबांचा फोन. दादाशी बोललोय, तो तुमचा कॅमेरा नेईल. एवढंच, आणि ठेवला.

३१ मार्च

मॅडमना सांगितलं. अर्धंच. कप्तान वहीत खोटी जागा लिहितात, आता खरी मिळाली, भावाची बोट तयार आहे. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. खोलीच्या रकान्याचं तोंडाशी आलं होतं. पण त्या इतक्या खूश होत्या की म्हटलं आज नको. समितीसमोर वेळ आली तर तिथेच उभी राहून सांगेन. वाक्य तयार करून ठेवलंय: "खोलीचे आकडे मी बदलले." चार शब्द. पाठ आहे.

मॅडमचा आनंद मोडवत नाही, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण नोकरी.

६ एप्रिल

दादाच्या बोटीवर तीन दिवस. लहान कॅमेरा, दोर दादाचा, दोर सोडणारा पण दादाच. पहिल्या दिवशी तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा मग हातात देत म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायचं होतंस." मी म्हटलं हो. आणखी काय म्हणणार?

काल दुपारी एकशे नव्वद वावांवर दिसलं. आधी काळं पाणी, त्यात बारीक कण वाहताहेत, आणि मग एकदम फांद्या. पांढऱ्या, फिक्या गुलाबी, एकीतून दुसरी फुटलेली, पडदाभर. प्रत्येक टोकाला एकेक जीव उघडलेला. मधे एक लाल मासा स्वस्थ बसलेला, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. एका फांदीला अंड्यांच्या पिशव्या, त्याच्या खाली बोटाएवढी पिल्लं, शंभर तरी. मी रडले. मॅडम पेन्सिल धरून बसल्या होत्या, लिहायचं विसरल्या. दादा दरवाज्यात उभा राहून बघत होता. आयुष्य गेलं त्याचं या जागेच्या कडेला आणि त्याने ती पहिल्यांदा बघितली. म्हणाला, हे असं आहे होय. मग खाली मान घालून दोराकडे गेला. हे कुंपण घालण्यासारखंच आहे, हे त्यालाही दिसलं असणार.

अशा चार जागा जिवंत सापडल्या. पंधरातल्या बाकी अकरा जागांसाठी आमच्याजवळ दिवस उरला नव्हता. पण येताना वाटेत रेघेच्या तीन नोंदी लागत होत्या. मॅडम म्हणाल्या, बघू या.

७ एप्रिल

बाबांना लॅपटॉपवर दाखवलं. चष्मा दोनदा पुसला त्यांनी. जिवंत जागा बघताना हातांनी दाखवत होते, इथे असा उतार आहे ना, इथे प्रवाह असा येतो. बरोबर सांगत होते. कधी न बघितलेली जागा नुसत्या दोराच्या ताणावरून त्यांना पाठ होती.

मग रेघेची जागा आली. तळावर पांढरा चुरा, हाडांच्या ढिगासारखा, आणि त्यातून सरळ गेलेला चर. रुंद, खोल, कडा अजून शाबूत. त्या खोलीवर लाट नाही, चर बुजवणार कोण? बाबांनी पडद्याला बोट लावलं आणि चराबरोबर पुढे पुढे नेलं. "हा आमचाच," म्हणाले. "इथे वळलो होतो." चरही तिथेच वळला.

कॅमेरा बराच वेळ चुऱ्यावरून जात होता. एका मोडक्या फांदीवर एक इवलं नवीन रोप होतं, बाकी काही नाही. मासा नाही, खेकडा नाही.

"परत किती आलंय?" बाबांनी विचारलं.

येतंय हो हळूहळू, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आकडा बदलणं मला काही नवीन नाही, आणि समोर सत्तरी ओलांडलेला माणूस, नुकतं ऑपरेशन झालेला. कुणाचं काय बिघडलं असतं?

म्हटलं, "तेवढंच, बाबा. एकतीस वर्षांत पेरभर."

त्यांनी आपल्या बोटाच्या पेराकडे बघितलं. मग म्हणाले, लॅपटॉप बंद कर. चहा टाकला तर प्यायले नाहीत. मी निघताना म्हणाले, "समितीपुढे मी येतो."

११ एप्रिल

वहिनींचा फोन. आम्ही समितीला दिलेला बंदीचा नकाशा दादाने त्यांना दाखवला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, आता हे दोन दिवसांऐवजी चार दिवस लांब जाणार, तेवढे तुम्ही मोजा. मी मोजते आहे.

२० एप्रिल

रात्र बरीच झाली. तरी आजच लिहिते.

समितीचे सात जण, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. मॅडमनी चित्रफीत दाखवली. कंपनीचा वकील उठला, गोड आवाजाचा. म्हणाला, थोडं मोडलं तरी निसर्ग भरून काढतो, चार-पाच वर्षं विश्रांती दिली की झालं. बाबा काठी टेकून उठले आणि साखळीचं सगळं सांगितलं. कोणत्या वर्षी, किती वाव, किती ठिकाणी. वकिलाने विचारलं, दुसरी बोट कुणाची? बाबा म्हणाले, तो आता नाही, माझंच नाव लिहा. परत किती आलं ते बोटाचं पेर दाखवून सांगितलं. हॉलमध्ये मागे धक्क्यावरची माणसं बसली होती. त्यांच्यातल्या कुणीच मान वर केली नाही.

मला वाटलं संपलं. मग वकिलाने दोन कागद काढले. मार्चचा अर्ज आणि एप्रिलचा अहवाल, दोन्हींत पंधराही नोंदींचा तक्ता. म्हणाला, त्याच कप्तानाची तीच नोंद, मार्चमध्ये खोली एकशे चाळीस, एप्रिलमध्ये एकशे नव्वद. पंधराच्या पंधरा वेगळ्या. मधल्या काळात हे आकडे कुणी बदलले? जी संस्था सोयीप्रमाणे आकडे बदलते तिच्या चित्रफितीवर विश्वास कसा ठेवायचा? पूर्ण फेरतपासणी करा, आणि ती होईपर्यंत तळ खुला ठेवा.

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, संस्थेतर्फे कोण उत्तर देणार?

चार शब्द. मी खुर्चीचे हात धरले. तोंड उघडलंही असेल.

बाबा बसलेच नव्हते अजून. म्हणाले, "बदलले कुणी नाहीत. मार्चमध्ये मीच पोरीला खोटं सांगितलं. जागा खोटी, खोली खोटी. तिने सांगितलं तसं लिहून घेतलं."

वकील म्हणाला, म्हणजे तुम्ही खोटारडे आहात, हे तुम्हाला मान्य आहे? बाबा म्हणाले, वहीच्या बाबतीत हो. समितीतले एक म्हातारे गृहस्थ, स्वतः कधीकाळी बोट चालवलेले, पुढे झुकून म्हणाले, कप्तान खरी जागा सांगत नाही हे मी सांगू शकतो, माझ्याही वहीत कधी नव्हती. दोघं-तिघं हसले. अध्यक्षांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं.

बाबांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी खुर्चीत बसून राहिले.

चारला निकाल. चारही जिवंत जागा आणि भोवतालचं पाणी कायमचं बंद, सगळ्यांना. कडेसकट. मॅडम रडल्या, मला मिठी मारली. दादाने लांबून हात वर केला आणि जिना उतरून गेला.

२४ एप्रिल

बाबा रोज सकाळी धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसतात. आज मी त्यांना सोडायला गेले. आधी त्या बाकावर जागा मिळायची नाही. आज बाबा बसले आणि पलीकडचे दोघे थोड्या वेळाने कामं आठवल्यासारखे उठून गेले. एकाने जाताना म्हटलं, काय कप्तान, आज खरं की खोटं? बाबा हसले. मला ते हसणं बघवलं नाही.

साखळी त्यांची, ते त्यांनी कबूल केलं, ठीक आहे. पण पोरीला फसवणारा बाप, समितीसमोर खोटारडा ठरलेला म्हातारा, हे तर माझं आहे. ते माझं काम त्यांच्या अंगावर गेलंय आणि बाबा ते घालून फिरताहेत.

घरी आल्यावर म्हटलं, बाबा, मी समितीला पत्र लिहिते. खोली मी बदलली असं. जे व्हायचं ते होऊ दे माझ्या नोकरीचं.

म्हणाले, "लिही की. मग वकील पुन्हा उठेल, फेरतपासणी मागेल, आणि तोवर चाकं फिरतील. तेवढं सोसणार असेल तर लिही."

मग गुडघ्याला तेल चोळत, जणू हवापाण्याचं बोलतोय अशा आवाजात म्हणाले, तू बारा वर्षांची असताना मी तुझ्याकडून खोटं लिहून घेतलं, ते आता फिटलं.

त्यांचं फिटलं असेल.

२७ एप्रिल

नवा नकाशा छापून आला. बंद भाग निळ्या रंगात, चौकट अगदी सुबक. मॅडमनी खाली कोपऱ्यात माझं नाव घालायला लावलं. म्हणाल्या, इतकी वर्षं नकाशे काढतेस, एकावर तरी नाव असू दे. खोलीचे आकडे मी चार वेळा तपासले, सगळे बरोबर आहेत.

पत्र मी लिहिलंय. तीन दिवस पर्समध्येच आहे, पाकीटसुद्धा चिकटवलेलं आहे. येता-जाता टपालपेटी लागते.